मागल्या खोलीचा पत्रा

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥

खडकमळा, ता. माण
७ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रांजल हिला आजीकडून दोन्ही हात डोईवर ठेवून लय आशीर्वाद. वि. वि. की,

पत्र्याच्या ठेकेदारांत पहिला आला तो बाळासो. बूट न काढताच आत आला, आबांच्या खाटंवर बसला आन बसल्याबसल्या मोबाइलवर कुणाशी तरी भांडायला लागला. गळ्यात साखळी ही एवढी, आपल्या तांबड्या गाईच्या दाव्याएवढी. मी पाण्याचा तांब्या घिऊन हुभी. भांडण सरलं तवा म्हणाला की मावशी, पत्र्याचं काम ना, हुन जाईल. मी म्हणलं की बाबा, आधी खोली बघ तरी. तर उंबऱ्यातनंच मान वर करून म्हणाला की बघितली.

तू लिहून धाडलेलं सगळं मी पाठ करून ठेवलं हुतं. नोंदणी हाय का, गड्यांचा इमा हाय का, वर चढताना कमरेला पट्टा बांधता का, आजवर कुणी पडलंय का, आन केलेली घरं दाखवशील का. सगळं इचारलं. तो हसायला लागला. म्हणाला की मावशी, पत्रा टाकायचाय का पोरगी द्यायचीय मला. तुज्या आबांना कामाचं काय ऐकू येत न्हाई, पर हे बरूबर ऐकू आलं. ते बी हसले. मग त्यानं मोबाइलात कसले कसले कागद दाखवले, बोटानं सरकवत, येष्टीच्या खिडकीतनं झाडं पळावी तसे. मला काय दिसतंय! बेस्तरवारी येतो म्हणून गेला तो गेलाच. तुजा बाप पुण्यास्नं फोनवर रोज नवा ठेकेदार सांगतो, पर त्यातला एक बी इथवर पोचत न्हाई. मला तर फोनात नुसता भुंगा ऐकू येतो, म्हणून तर हे पत्र.

आन मग शनवारी आला नानासो. आगं, माज्या माहेरचा! आटपाडीकडचा, माज्या चुलतभावाचा थोरला. पायरीखाली चपला काढल्या, पायावर डोकं ठेवलं आन आत्ती म्हणून हाक मारली. किती वर्सांनी मला कुणी आत्ती म्हणलं. डाळिंबं आणली हुती. मी शेवयाची खीर केली, तर पातेलं पुसून खाल्ली. मग शिडी लावून वर गेला, बोटाच्या पेरानं पत्रे वाजवून बघितले. शिमगा सरताना आलेल्या वावटळीनं मागल्या खोलीचे निम्मे पत्रे उचलले ते तुला ठाव हायच, एक तर पार शेजारच्या बापूच्या डाळिंबात जाऊन पडला. उरलेले सिमेंटचे जुने पत्रे बी काढावे लागतील, म्हणाला. सकाळी जुने उतरवायचे, दिवस मावळायच्या आत नवे चढवायचे, एका दिसाचं काम.

मी त्याला कुंकू लावलं आन नारळ हातात दिला. काम तुजं, म्हणलं. फकस्त अक्षय्य तृतीयेच्या आत हुदे. तुज्या सासूबाईंनी तृतीयेला धाडते म्हणून सांगितलंय, डोईवर धड पत्रा असंल तरच, आन त्यांचं काय चुकलं? तृतीयेनंतर तुला आठवा लागतो, आठव्यात गरवार बाईला हलवत न्हाईत, मग बाळंतपण तिकडंच. तुजी आई गेल्यापास्नं या घरात बाळ रडलेलं न्हाई. ते मला माज्या कानानं ऐकायचंय, फोनात न्हाई.

तुजं ते इचारायचं तेवढं ऱ्हायलं. माहेरच्या लेकराला तुज्या हातनं कुणी पडलं का असं कसं इचारू? तूच सांग.

पाय वर करून बसत जा. आंबा जास्ती खाऊ नको. लोभ हाय, तो सायीगत वर येत ऱ्हावा.

तुजी आजी,
धोंडुबाई


सांगली
११ एप्रिल २०२५

ती. आजीस प्रांजलचा बसल्या जागेवरूनच नमस्कार, कारण आता वाकता येत नाही. वि. वि.

तुझं पत्र आलं. खीर, डाळिंबं, साखळी, सगळं वाचून हसले आणि नारळापाशी येऊन थांबले. आजी, नारळ दिलास? एक प्रश्नही न विचारता? तुझा नातजावई दिग्विजय म्हणाला की तुझी आजी माहेरचा माणूस दिसला तर विहीरसुद्धा उचलून देईल.

मी चिडले नाही. चिडायलासुद्धा अंगात जोर लागतो. पाय संध्याकाळी इतके सुजतात की चपलेचा पट्टा उमटतो. दिवसभर विम्याच्या त्याच ऑफिसात, त्याच टेबलाशी. तुला कधी सांगितलं नाही, पण माझ्या टेबलावर पडलेल्या माणसांचे कागद येतात. कुठून पडला, काय करत होता, पट्टा बांधला होता की नव्हता. मी वाचते, शिक्का मारते, पुढे पाठवते. त्यांतल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. घरी येऊन डोळे मिटले की छपरं दिसतात. म्हणून तुला ते प्रश्न पाठवले होते, शहाणपणा म्हणून नव्हे. आपल्या घरावरून कुणी पडू नये, एवढंच.

आता असं कर. माझं स्थळ बघताना तू काय केलं होतंस ते मला सासूबाईंनी लग्नानंतर सांगितलं. यांच्या गल्लीत ताक मागत फिरलीस आणि घरातल्या कुणालाही न विचारता सगळ्या घराची कुंडली काढून आणलीस. नानासोकाकांचंही तसंच कर. त्यांना काही विचारू नकोस, माहेर दुखवू नकोस. त्यांनी पत्रे टाकलेली घरं बघून ये. कागद मी इथून बघते, ऑफिसात ओळखी आहेत. माणसं तू बघ.

उन्हाचं जाऊ नकोस. आबांना नमस्कार. माया आहे तशी राहू दे, रागे भरलीस तरी कमी करू नकोस.

तुझी,
प्रांजल


खडकमळा
१८ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रांजल हिला दमलेल्या पायांच्या आजीचे आशीर्वाद. वि. वि. की, तू सांगितलंस तशी ताक मागत फिरले. पर आता ताक कुणी मागूच देत न्हाई, जिथं तिथं चहाच पुढं करत्यात. पोटात नुसता चहाचा दंगा चाललाय.

वडापच्या जीपनं गेले. आबा बी यायचं म्हणत हुते, पर गडीमाणूस संगं असला की बाया मोकळं बोलत न्हाईत, म्हणून त्यांना गाईजवळ ठेवलं. आधी दहिवडीला एका मास्तरीणबाईंकडं गेले. पत्रा कसा चकचकीत, एक थेंब गळत न्हाई, म्हणाल्या. मग कोंबड्यांच्या शेडवाल्याकडं. तो बी म्हणाला की नानासोसारखा माणूस न्हाई, शब्दाचा पक्का. मी मनात म्हणलं की बघ प्रांजल, माजं माहेर! नाक वर करून हिंडत हुते. सगळ्यांनी मला पत्रा दाखवला. पत्र्यावर चढलेल्या माणसांचं मातुर कुणी काय बोललं न्हाई.

शेवटी नानासोनं पत्रा टाकलेल्या रंगुबाईच्या घरी पोचले. जुनंच घर नवं केलेलं, दाराला अजून वास्तुशांतीचं तोरण. तवा मला आठवलं, पत्रा चढला की घरधनीण गड्यांना गोडाचं जेवण घालती, ही आपल्याकडची रीत. आन जेवण वाढणारी बाई मिस्त्रीचं नाव इसरंल, पर कोण काय खातो ते इसरत न्हाई. म्हणून मी तेच काढलं. जेवायला काय केलं हुतंस, कुणाला काय आवडलं? रंगुबाई खुलली. एक पोरगा हुता राजरत्न, म्हणाली, माज्या मिरचीच्या खरड्यावर रोज भाकरी मागून घ्यायचा. मी म्हणलं की गोडाच्या जेवणाला त्यानं पोळ्या किती हाणल्या मग? तर ती पदर सारखा करायला लागली. तो जेवणाला नव्हता, म्हणाली. जुना पत्रा काढताना मोडून त्यातनंच खाली आला. वास्तुशांतीची तारीख ठरलेली, पावणे सांगितलेले, मग ऱ्हायलेल्या गड्यांनी काम उरकलं. जेवण बी झालं. बघायला गेली हुतीस का, इचारलं तर म्हणाली की जायचं जायचं म्हणून ऱ्हाऊनच गेलं.

राजरत्नचं घर त्याच गावात, समाजमंदिराच्या मागं. त्याच्या आईनं, लक्ष्मीबाईनं, जयभीम केला. मी बी हात जोडून जयभीम केला. कोण, कुठली काय इचारलं न्हाई, आधी बसायला दिलं. राजरत्न खाटंवर. उठून बसतो, कुबड्या घिऊन परसात जातो, त्याच्या पुढं न्हाई. देखणं पोरगं हाय, तुज्याएवढंच. मला वाटलं शिव्या घालंल. न्हाई घातल्या. दोर पिकअपमधीच हुता, म्हणाला. बांधायला येळ जातो, आभाळ आलं हुतं, घरवाले घाई करत हुते, नानासोमालक चला चला म्हणत हुते. पाय ठेवला आन पत्रा बिस्किटागत मोडला. नानासोनं स्वतः उचलून दवाखान्यात नेलं, तिथं उपाशी बसून ऱ्हायला. आन पोरगं घरी आल्यापास्नं या दारात एकदा बी आला न्हाई. लक्ष्मीबाईचा सगळा राग त्याचाच. मला मावशी म्हणायचा, म्हणाली, आता गल्लीतनं जाताना पिकअपची काच वर करतो.

एवढ्यात धाकटा आला, धम्मपाल, हातात जेवणाचा डबा. थोरल्याच्या जागी आता तो जातो नानासोच्या कामावर, दुसरं काम कुठं हाय इथं. लक्ष्मीबाई म्हणाली की आता पुढचं काम खडकमळ्याला हाय, कुणा म्हातारीची मागली खोली, जुने सिमेंटचेच पत्रे काढायचेत.

प्रांजल, माजा कप हातातच ऱ्हायला. मी म्हणलं की ती म्हातारी मीच. लक्ष्मीबाईनं पातेल्यात उरलेला चहा माज्या बशीत वतला, बास.

घरी येईस्तोवर पाय दगड झाले. नारळ दिलाय. तृतीया तोंडावर. काम काढून घ्यावं तर त्या पोराचा रोज बुडतो, दुसरा ठेकेदार यायचा कवा. न काढावं तर ते पोरगं त्या पत्र्यावर. तुज्या टेबलावर कागद येत्यात, माज्या डोळ्यांम्होरं ते पोरगं डबा घिऊन हुभं हाय. काय करू ते लिव्ह. लोभ असूदे, आन थोडी अक्कल बी धाडून दे.

तुजी आजी,
धोंडुबाई


सांगली
२२ एप्रिल २०२५

ती. आजीस प्रांजलचा नमस्कार. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचवेना.

नानासोकाकांचे कागद मी काढून पाहिले. सगळं बरोबर आहे, आजी. नोंदणी आहे, गड्यांचा विमा आहे, राजरत्नचं नावसुद्धा त्यात आहे. आणि अपघात एकही नाही. तो पडला हे कुणी लिहूनच दिलेलं नाही. लिहिलं असतं तर काकांच्या नावाला डाग लागला असता, पुढची कामं गेली असती, म्हणून नसेल दिलं. तुझं पत्र आलं नसतं तर मी तुला कळवलं असतं की निर्धास्त राहा, स्वच्छ माणूस आहे.

आता जे लिहिते ते वाचून मला काही म्हणू नकोस. होऊ दे काम. एका दिवसाचं तर आहे. धम्मपालला जपून पाय टाकायला सांग, भाऊ पडलेला आहे, तो जपेलच. रोज शेकडो छपरं होतात, रोज कुठे कुणी पडतं. मी दमलेय, आजी. ऑफिस, दवाखाना, घर आणि हे ऊन. सासूबाई चांगल्या आहेत, पण त्यांच्यासमोर पाय पसरून रडता येत नाही. मला तुझ्याकडे यायचंय. मागल्या खोलीत झोपायचंय, तू तेल लावताना बडबडत असतेस ते ऐकायचंय. तृतीयेला नाही आले तर मग नाहीच.

असं लिहिणारी मीच, जिने ते प्रश्न पाठवले होते. पण खरं तेच लिहिते. तुझा जीव माझ्यावर आहे, त्याचा आज जरा जास्त वाटा दे.

तुझी,
प्रांजल


खडकमळा
२८ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रांजल हिला, आन पोटातल्याला बी, आजीचे आशीर्वाद. वि. वि. की, तुजं पत्र आबांनी वाचून दाखवलं, मग मी वाचलं, मग आमी दोघं एकमेकांकडं न बघता गाईला वैरण टाकायला गेलो. एका गाईला दोन माणसं.

शुक्रवारी नानासो आला. धम्मपाल संगं हुता. शिडी, पत्रे, सगळं पिकअपमधी. उद्या सकाळी लागतो, म्हणाला, दिवस मावळायच्या आत आत्ती तुजी खोली झाकली म्हणून समज. आन मी लय खूश झाले, खोटं कशाला लिहू. तू खाटंवर निजलेली दिसलीस मला. मग मी दोर कुठाय इचारलं. हाय की, म्हणाला. पट्टा? खाली बांधायची जाळी? पत्र्यावर टाकायच्या फळ्या? तू लिहिलेलं आन राजरत्नकडनं कळलेलं एकेक इचारत गेले. तर तो म्हणाला की हे सगळं साताऱ्यास्नं आणावं लागंल, आन उद्याचा दिस हुकला तर माणसं दुसऱ्या कामाला बांधलेली, तृतीयेच्या आत मग जमत न्हाई. तूच सांग आत्ती, उद्या का नंतर.

धम्मपाल पिकअपला टेकून वर पत्र्याकडं बघत हुता. चढायचं त्याला, आन त्याला कुणीच इचारंना. मी इचारलं. तो म्हणाला की आजी, तुमी म्हणशीला तसं. आता बघ की! मी म्हणंन तसं. उद्या म्हणायला मी तोंड उघडलं बी हुतं, आन त्या पोराकडं बघितलं. मी म्हणलं, नंतर. आबा उठून गोठ्यात गेले.

मला वाटलं आता माहेर तुटलं. राजरत्नच्या घरी जाऊन आले हे बी सांगून टाकलं, म्हणलं तुटायचं तर एकदाच तुटू दे. नानासो पायरीवर बसला. तांब्याभर पाणी प्याला. म्हणाला की आत्ती, येवढी घरं झाकली, पर उशिरा कर म्हणणारी तूच पहिली. जो तो तारीख ठरवून बसलेला, जो तो आभाळाकडं बोट दाखवतो, आन मी बी मग गड्यांना चला म्हणतो. त्या पोराच्या दारात कुठलं तोंड घिऊन जाऊ? मी म्हणलं की हाय तेच घिऊन जा, दुसरं कुठनं आणशील. ती बाई तुज्यावर वरडायला थांबलीय, तिचं वरडून हुदे, ऐकून घे आन ये. तो चहा न घेताच गेला. माहेरचा माणूस चहा न घेता गेला, प्रांजल. त्या दिशी मला भाकरी गेली न्हाई.

आन काल पिकअप आली, तर पुढच्या शिटावर लक्ष्मीबाई! नानासो तिच्या दारात गेला हुता. तिचे बी डोळे सुजलेले, त्याचे बी. शेजारीपाजारी गोळा हुईस्तोवर वरडली म्हणे, मग चहा दिला. राजरत्न पडल्याचं आता लिहून देतो म्हणून नानासोनं माज्यासमोर कबूल केलंय. त्या पोराचा इमा तुज्याच ऑफिसात यील न्हाईतर दुसऱ्या, ते तू बघ. त्याचं तोंड मी सांगते तुला, डाव्या गालावर खळी हाय.

पट्टे आन दोर नवे आणलेत, जाळी आन फळ्या बी. लक्ष्मीबाईनं दोर लिंबाला बांधायला लावला आन स्वतः लोंबकळून बघितला. मग मी बी लोंबकळले. आबा म्हणाले की दोन म्हाताऱ्यांच्या कंबरा मोडल्या तर त्याचा इमा मिळतो का ते सांगलीला इचार. लय दिसांनी हसलो बघ सगळी.

आता तुजं. तू यायची न्हाईस. मी खोली सारवून, खाट टाकून ठेवली हुती, ती आज उचलली. तुला वाटंल की लोकाच्या पोरापायी आजीनं मला लांब केलं. वाटलं तर तसं लिव्ह, पोटात ठेवू नको. मी उत्तर देईन, काय देईन ते आज ठाव न्हाई. तू मागितलेला वाटा मी दिला न्हाई, हे मला बी खातंय. पर बाळंतपणाला मी येते सांगलीला, डिंकाचे लाडू घिऊन. सासूबाईंना सांग, मला खाटंखाली बी जागा पुरंल, फकस्त बडबडीला त्यांनी नाव ठेवू नये. त्यांच्यासमोर पाय पसरून रडायचं असंल तर मी म्होरं बसते, आड हुईल.

राग उतरंल तवा दोन ओळी लिव्ह. लोभ कमी झाला असंल तर तो बी कळव, मी येताना भरून आणते.

तुजी आजी,
धोंडुबाई

ता. क. : लक्ष्मीबाई बी येणार हाय, काम हुईस्तोवर खाली बसायला. मी तिच्याजवळ बसणार. सगळी पुढच्या सोमवारी, पाच तारखेला, सकाळी येतो म्हणून गेलीत.